पाखऱ्याचा मान

शेणवे गावची सकुबाई देवाला भिते, पण रघूला माफ करायला देव सांगायला आला असता तरी तिने ऐकलं नसतं. का करावं माफ? तिच्या गोठ्यात जन्मलेला पाखऱ्या बैल "पोरासारखा सांभाळीन" म्हणत, देवळाच्या पायरीवर हात ठेवून रघूने विकत नेला. शर्यतीत पळवला आणि पाय मोडल्यावर मेल्याने भातसानगरच्या रस्त्याला सोडून दिला! जखमेत किडे वळवळत होते. सकुबाईने टेम्पो करून बैल घरी आणला. ते बघून लोकच आंधळी म्हैस, खरजेची कुत्री, तीन पायांची शेळी तिच्या दारात आणून सोडू लागले. परसात कुडाची शेड उभी राहिली. सतरा तोंडं झाली.

"काकी, ही काय पांजरपोळ?" शेजारी हसले.

"होय तर. तुमची पापं पोसतेय."

यंदा दिवाळीत रघूच दारात आला. पाडव्याला गावात पेटत्या पेंढ्यावरून गुरं नेतात. पहिला बैल रघूच्या घरचा, हा मान आज्यापणज्यापासूनचा. पण आता घरात नुसता ट्रॅक्टर, आणि बैल नसला तर मान चुलतभाऊ दीपेशकडे जाणार.

"काकी, एक दिस पाखऱ्या द्या ना. आमच्या घरचा म्हणावा असा तोच एक बैल."

सकुबाईच्या मनात उकळ्या फुटल्या. आयता गावला! सगळा गाव बघू दे याची करणी. "ने की," ती गोड बोलली. "पण दोरी तूच धरायची."

पाडव्याला शिंगं रंगवलेला पाखऱ्या लंगडत आला, तशा बाया कुजबुजल्या. "कुणी मोडला गो पाय याचा?"

"शर्यतवाल्या मालकाला इचारा!" सकुबाई मोठ्यानं म्हणाली. रघूने मान खाली घातली.

पेंढा पेटला. रघूने दोरी ओढली. पाखऱ्या हंबरला आणि मोडक्या पायावर कोसळला. लोक छी थू करू लागले. दीपेशने आपला बैल पुढे काढला. सकुबाईचं काळीज गार झालं. अगदी हेच बघायचं होतं तिला.

मग ती पाखऱ्याला उठवायला वाकली. तो थरथरत होता. भीतीने त्याच्याखालची माती ओली झाली होती. चार जणांनी धरून त्याला टेम्पोत घातला.

घरी तिने पायाला हळद लावली, गूळ पुढे धरला. एरवी तिचा हात चाटून खाणारा पाखऱ्या कुडाकडे तोंड करून बसला.

"मी नाय रे केलं," ती म्हणाली. "त्या रघ्यानं केलं."

पाखऱ्याने तोंड वळवलं नाही.