सदाशिवरावांचं सँपल

बाभुळगावच्या रस्त्याला सदाशिवरावांचं शेत होतं, पण मनानं ते कायम कापूस खरेदी केंद्रावर उभे असत. त्या वर्षांत कापसाची जी दैना झाली होती, तिची कारणं पेपरवाले पार अमेरिकेपर्यंत शोधत होते. सदाशिवरावांच्या मते कारण एकच, केंद्रावर मालाची प्रत ठरवणारा ग्रेडर. आपण गाडीभर पांढराशुभ्र माल न्यावा आणि त्या गृहस्थानं नेमका बुडाशी हात घालून किडक्या कापसाची पिवळट कवडी उपसावी, वर नकाराची मान हलवावी.

दर हंगामात ते यावरून भांडत. मागचे गाडीवाले शिव्या घालत, बैल कंटाळून बसून घेत, ग्रेड काही वाढत नसे. घरी मात्र केंद्र जिंकून आल्याच्या थाटात येत, आणि कापसाच्या धुळीनं बसलेल्या खोकल्यावर दुकानातलं गोड औषध घेत. झाकणानं नव्हे, घोटानं. या भांडणांतून त्यांनी एक धडा काढला होता. सँपल द्यायचं तर घरातलं सगळ्यात भारी द्यावं, खाली काय आहे ते देव पाहून घेईल. पाहुण्यांपुढच्या पोह्यांत शेंगदाणे वर आणून ठेवायलासुद्धा त्यांचाच हात पुढे.

नात सुरभी दहावीत होती आणि शाळेच्या खो-खो संघाचा जीव होती. संघ जिल्ह्याच्या सामन्यांना पुसदला जायचा होता. पोरगी झोपेतसुद्धा खो द्यायची, आणि शेजारी झोपलेल्या आजीच्या, इंदुताईंच्या, पाठीत थापा बसायच्या. अशात शाळेच्या नव्या हेडमास्तरांनी टीव्हीवर पाहिलं की शहरातली मुलं नशा करतात. झालं. पुसदला जाणाऱ्या प्रत्येक मुलीनं सकाळची लघवी घरून शिशीत आणावी, तपासणी होईल, असा हुकूम सुटला. पोरींच्या पायात धड बूट नव्हते, त्याची तपासणी कुणाला सुचली नाही.

त्या सकाळी सुरभीनं शिशी भरून ओट्यावर ठेवली आणि ती वेणी घालायला आत गेली. सदाशिवरावांनी शिशी उचलली, उन्हात धरली, एक डोळा मिटला.

"माल हलका दिसून राह्यला," ते पुटपुटले.

"कायचा माल?" इंदुताईंनी चुलीपासून विचारलं.

"काही नाही. तू भाकर पाह्य."

सामन्याच्या धास्तीनं पोरगी रात्रभर पाणी पीत होती, त्यामुळे सँपल फिकं होतं. असलं फिकं सँपल आपल्या घरातून जावं हे सदाशिवरावांना सहन होईना. तिकडे कुणी मान हलवली की पोरीचं पुसद गेलं. ते शिशी घेऊन गोठ्यामागे गेले, जुना माल ओतला, शिशी विसळली, स्वतः नवा भरला. रंग कसा भरदार आला. धोतराच्या सोग्यानं शिशी पुसून त्यांनी जागेवर ठेवली आणि कृतकृत्य होऊन चहा मागितला.

दुपारी शाळेतून बोलावणं आलं. हेडमास्तरांसमोर सुरभी रडून लाल झाली होती. विज्ञानाच्या नसरीन मॅडमच्या हातात तपासणीची पट्टी होती. पट्टी म्हणत होती, अफूच्या जातीचं काहीतरी.

"सुरभी पुसदला जाणार नाही," हेडमास्तर म्हणाले.

"सँपल बुडातून काढलं असन तुमी," सदाशिवराव सवयीनं सुरू झाले.

"आबाजी, म्या काहीच नाही खाल्लं," सुरभी म्हणाली.

सदाशिवरावांना सकाळची शिशी आठवली. आपल्या हातानं आपण पोरीचं वाटोळं केलं, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि त्यांना स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

"सर, थो माल पोरीचा नाही. माहा हाय."

"नातीसाठी आजोबा काहीही बोलतात," हेडमास्तर म्हणाले.

"मंग दोघाईचं पुन्हा घ्या. तुमच्या डोळ्यापुढं घ्या." ते जरा थांबले. "म्हंजे डोळ्यापुढं नाही. पण शाळेत घ्या."

सुरभी लगेच शिशी देऊन मोकळी झाली. सदाशिवरावांना वेळ लागला, कारण ते कशासाठी गेलेत हे एव्हाना सगळ्या शाळेला कळलं होतं आणि वर्ग व्हरांड्यात येऊन उभे होते.

नसरीन मॅडमनी आधी सुरभीची पट्टी पाहिली. साफ होती. मग त्यांनी दुसरी पट्टी उचलली. जन्मभर माल पास व्हावा म्हणून नवस बोललेले सदाशिवराव आज डोळे मिटून, देवा, एवढ्यापुरता माल नापास कर, असं विनवत होते.

मॅडमनी थेट ग्रेडरसारखी मान हलवली. "खोकल्याचं औषध घेता का, चाचा?"

"घेतो. घोटानं."

"त्यातच असतं ते. तुम्ही नापास."

सदाशिवरावांनी हात जोडले. "बराबर ग्रेड लावली, बाई," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा भांडले नाहीत.

हेडमास्तरांनी घसा खाकरून सुरभीचं जाणं मंजूर केलं. सुरभीनं डोळे पुसले, मागून येऊन आजोबांच्या पाठीत सणसणीत थाप हाणली आणि म्हणाली, "खो."

सदाशिवराव औषधाची बाटली फेकायला घराकडे पळत सुटले.