बॉल नसताना तो काय करतो

साहेबाने अमेरिकेतून आणलेला एकशेदहा व्होल्टचा व्हीसीआर अबुधाबीच्या दोनशेवीस व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट खुपसला आणि जाळून टाकला, म्हणून मला अमेरिकन फुटबॉल कळला. एरवी त्या खेळाचा आणि माझा संबंध येण्याचं काडीचंही कारण नव्हतं.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. आमच्या कंपनीकडे खलिफा सिटीत व्हिला बांधायचं काम होतं. साहेब प्रोजेक्ट मॅनेजर, अमेरिकन, उंचापुरा, लालबुंद. आणि मी कोण, हाच तर सगळा घोळ होता. माझा सिव्हिलचा डिप्लोमा. मी ड्रॉइंग तपासायचो, मटेरियल मोजायचो, मजुरांची हजेरी लावायचो. सर्व्हेअर आजारी पडला की त्याचं काम करायचो आणि फोरमन रजेवर गेला की मिस्त्र्यांशी हिंदीत भांडायचो. पण लेबर कार्डावर लिहिलं होतं, क्लार्क.

चूक माझीच. मुंबईत मुलाखतीला एजंटने विचारलं, काम काय येतं? मी छाती फुगवून म्हणालो, "पडेल ते काम करीन." लहानपणापासून घरी हेच ऐकलेलं. पडेल ते काम करणारा माणूस म्हणजे गुणी माणूस! एजंटने मान डोलावली आणि क्लार्क लिहून मोकळा झाला. क्लार्कला तिथे बायकोमुलांचा व्हिसा काढता येत नसे, हे मला अबुधाबीत उतरल्यावर कळलं. कपाळाला हात लावण्यापलीकडे काय करणार?

त्या वर्षी बायको आणि आठ वर्षांची मुलगी दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. बायको चिंचवडच्या शाळेत गणित शिकवायची, बिनपगारी रजा टाकून आली होती. दोन महिन्यांत माझं कार्ड बदललं तर दोघी कायमच्या राहणार. नाही बदललं तर परत, आणि मी पुन्हा वर्षातून एक महिन्याचा बाप. ऑफिसात साहेबाकडे हा विषय काढायचं मी रोज ठरवायचो आणि रोज चहा पिऊन परत यायचो.

तर तो व्हीसीआर. साहेबाचा भाऊ त्याला तिकडच्या सामन्यांच्या टेप पोस्टाने पाठवायचा. त्या टेप आपल्याकडच्या साध्या व्हीसीआरवर चालत नाहीत, मल्टिसिस्टिम लागतो. माझ्याकडे होता. गावी न्यायला म्हणून घेतलेला, खोक्यातच होता. साहेबाने ऑफिसभर विचारत फिरायला सुरुवात केल्यावर मीच आगाऊपणा केला. म्हणालो, शुक्रवारी घरी या.

शुक्रवारी सकाळी साहेब आमच्या एका खोलीत, पलंगाच्या कडेवर, मांडीवर पोह्यांची बशी घेऊन बसला. पहिला तास सगळं माझ्या डोक्यावरून गेलं. अवजड माणसं एकमेकांवर आदळतात, शिट्टी वाजते, सगळे उभे राहून चर्चा करतात. हा खेळ आहे की मीटिंग?

मग साहेबाने एक गोष्ट समजावली आणि मी अडकलोच. म्हणाला, मैदानाच्या पार कडेला तो एकटा उभा आहे ना, त्याच्याकडे बघ. तो रिसीव्हर. त्याने ठरलेल्या वाटेने पळायचं, अचानक वळायचं, पाठलाग करणाऱ्याला चुकवायचं आणि फेकलेला बॉल झेलायचा. मी म्हटलं, म्हणजे हात चांगले पाहिजेत. साहेब म्हणाला, "हात सगळेच बघतात. तू पाय बघ. चांगला रिसीव्हर बॉल यायच्या आधीच मोकळा झालेला असतो." हे मला फार आवडलं. पुढचा अर्धा तास मी नुसते पाय बघत होतो.

साहेबाला एक निवड करायची होती. भावाची आणि मित्रांची एक घरगुती लीग होती. वेगवेगळ्या संघांतले खरे खेळाडू ज्याने त्याने आपल्या कागदी संघात घ्यायचे आणि त्यांच्या खेळावरून गुण मोजायचे. पैशाचा संबंध नाही, नुसती इज्जत. साहेबाला एकच रिसीव्हर हवा होता आणि त्याचं मन दोघांत घुटमळत होतं. एक उंच, लांब टांगांचा, एका उडीत बॉल काढणारा. दुसरा बुटका. हा बुटका कधी कडेला उभा राहायचा, कधी आत घुसायचा, कधी बॉल हातात घेऊन सरळ पळत सुटायचा, समोरच्यांनी लाथाडलेला बॉल झेलून परत आणायचा. साहेब म्हणाला, "तू हजेरी चांगली मांडतोस. ह्या दोघांचीही मांड."

मी दुसऱ्याच दिवशी वही आणली. रकाने आखले. बॉल किती वेळा आला, किती झेलले, किती सोडले, किती यार्ड पळाला. साहेब गेल्यावरही टेप मागेपुढे करून बघायचो. मुलगी वैतागायची, "पापा, नॉट अगेन!" पण मला छंदच लागला. एखादा माणूस किती उपयोगी आहे हे मोजतात तरी कसं, ह्याचं मला विलक्षण कुतूहल वाटायला लागलं.

तीन शुक्रवार झाले. वहीत उंच पुढे, बुटका मागे. मला ते पटत नव्हतं, पण आकडे तसेच होते. त्या संध्याकाळी बायको कणीक मळता मळता बघत होती. एकदम म्हणाली, "अहो, थांबवा. मागे घ्या."

मी मागे घेतलं.

"बॉल कुणाकडे गेला ते सोडा. हा बुटका बघा. समोरच्या दोघांना आपल्या मागे पळवत लांब घेऊन गेला, म्हणून ह्याचा साथीदार मोकळा झाला. आणि आता बघा, पळणाऱ्याच्या आड येणाऱ्याला ह्यानेच अंगावर घेतलं. तुमच्या वहीत हे कुठेय?"

कुठेच नव्हतं. हात्तिच्या! मी बॉल मोजत बसलो होतो. मास्तरीणबाईंनी पंधरा मिनिटांत माझ्या तीन आठवड्यांच्या वहीची चूक काढली. मग आम्ही दोघांनी मिळून नवा रकाना आखला, 'बॉल नसताना'. बुटक्याच्या नावापुढे तो खच्चून भरला.

पुढच्या शुक्रवारी मी ती वही ऐटीत साहेबापुढे ठेवली. त्याने ती नीट वाचली, दोनदा वाचली. म्हणाला, "बरोबर आहे. हा नसला तर त्यांचा संघ कोसळेल. पण मी उंचालाच घेणार. लीगमध्ये ह्या रकान्याला गुण नाहीत. असा माणूस सगळ्यांना हवा असतो, पण तो नक्की काय आहे हे कुणाला सांगता येत नाही. मग त्याला तसंच वापरत राहतात."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी टीव्हीकडे बघत राहिलो. बायको चहाचे कप ठेवत होती. तिचं इंग्रजी शाळेच्या पुस्तकातलं, सावकाश आणि पूर्ण वाक्यांचं. ती म्हणाली, "सर, माय हजबंड इज ऑल्सो लाइक दिस. हिज कार्ड सेज क्लार्क. आफ्टर ट्वेल्व्ह डेज वी हॅव टू गो बॅक."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की काय सांगू. जे मला दीड महिन्यात बोलता आलं नाही ते तिने चहाबरोबर मांडलं होतं. साहेबाने विचारलं, "क्लार्क? तू?" आणि कप तसाच ठेवून तो उठला.

शनिवारी त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. शेजारी कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रं करणारा माणूस. मंदूबने फॉर्म पुढे केला. "हबीबी, वन प्रोफेशन. ओन्ली वन." मी सवयीने तोंड उघडलं, पडेल ते म्हणणारच होतो, पण साहेबाने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झालो. डिप्लोमाची कॉपी जोडली आणि सांगितलं, क्वांटिटी सर्व्हेअर, म्हणजे बांधकामाची मापं आणि हिशेब काढणारा. "खलास," मंदूब म्हणाला. पाच वर्षं अडलेलं काम पाच मिनिटांत.

पुढचे कागद व्हायला वेळ लागणार होता, म्हणून दोघी व्हिसाच्या शेवटच्या दिवशी परत गेल्या आणि दोन महिन्यांनी कायमच्या आल्या. शाळेने आणखी रजा दिली नाही, तेव्हा बायकोने राजीनामा पाठवला. मी आनंदात होतो, भिंतीला रंग दिला, मुलीसाठी टेबल आणलं. मग एक दिवस तिचा पासपोर्ट शिक्का मारून आला. मी उत्साहाने पान उघडून तिच्यापुढे धरलं.

व्यवसाय, गृहिणी. खाली बारीक अक्षरांत, काम करण्याची परवानगी नाही.

तिने ते दोनदा वाचलं, साहेबाने वही वाचली होती तसं. बारा वर्षं गणित शिकवलेली बाई. माझी वही जिने दुरुस्त केली, माझ्यासाठी जी बोलली, चिंचवडचं घर, माझी आई आणि मुलीचा अभ्यास एकटीने ओढून जी इथे आली. ती काय काय करते हे मोजायचं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. तिने पासपोर्ट मिटला आणि विचारलं,

"अहो, तुमच्या त्या बुटक्याला मग कुणी घेतलं का हो?"

"नाही," मी म्हणालो. "साहेबाने विचारलं होतं भावाला. शेवटपर्यंत कुणीच नाही घेतलं."

"वाटलंच मला," ती म्हणाली, आणि पासपोर्ट कपाटात ठेवून कणीक मळायला गेली.