व्हॉल्व्हपासून शेवटच्या पाइपापर्यंत

त्याला सगळे वरचा म्हणायचे, कारण बावीस वर्षं तो शिडीवरच होता. आग लागली की छतातून आपोआप पाणी सोडणारे फवारे असतात ना, दवाखान्यात, गोदामात, ऑफिसात, त्यांचे पाइप चढवणं हे त्याचं काम. खाली त्याचा जोडीदार, बुटक्या. बुटक्या म्हणजे खरंच बुटका हो. कपाटावरचा डबा काढायला बायकोला हाक मारायचा. दोघांची भांडणं ऐकून नवीन माणसाला वाटावं, आज एकाचा मुडदा पडणार. आणि जेवायला बसले की एकाच डब्यात दोघांचे हात.

काम संपलं की पाणी सोडायचा दिवस यायचा. बुटक्या तळघरात मोठ्या व्हॉल्व्हपाशी, आणि वरचा सगळ्यात लांबच्या टोकाला, शेवटच्या पाइपावर तळहात टेकवून. बुटक्या ओरडायचा, "सोडलं!" मधली माणसं ती हाक मजल्यामजल्यावरून वर पोचवायची. वरचा डोळे मिटून थांबायचा. आधी पाइपातली हवा कुरकुरायची, मग हाताखालचं लोखंड हळूहळू गार पडायचं. "आलंऽऽ!" तो असा काही ओरडायचा, की रस्त्यावरची माणसं मान वर करून बघायची. त्या एका ओरडण्यासाठी तो सहा-सहा महिने धूळ खायचा, असं म्हटलं तरी चालेल.

मग खांदा गेला. उजवा हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरांनी शिडी बंद केली आणि कंपनीने मेहेरबानी केली: एवढा अनुभव वाया कशाला, डिझाइनला बसा. झालं! ज्या डिझाइनवाल्यांच्या नावाने त्याने बावीस वर्षं बोटं मोडली, त्यांच्याच पंक्तीत येऊन बसला. माउस पकडताना सुरुवातीला असा आवळायचा, की शेजारची पोरगी म्हणायची, "काका, तो पळून नाही जात."

बायको खूश. "अहो, आता कसं माणसात आलात. कॉलरला गंज नाही, केसांत सिमेंट नाही." तो मान हलवायचा. पण अंगाला पाइप कापायच्या तेलाचा वास नाही म्हणून आपल्याला चुकल्याचुकल्यासारखं होतं, हे तिला सांगणार कसं? तिने वेड्यातच काढलं असतं.

आठ महिन्यांत तीन इमारतींत पाणी सोडलं. एकदाही त्याला बोलावणं नाही. एक फोन रे! माणूस मेलाय का? स्वतःहून विचारायचं, तर तोंड उघडेना. चौथी इमारत मात्र त्याने स्वतः काढलेली होती. पहिला पाइप ते शेवटचा, सगळ्या रेषा त्याच्या. आणि चढवणारा बुटक्या. आता तरी बोलावतीलच, हे त्याने मनाशी धरून ठेवलं होतं.

फोन आला, पण भलताच.

"कुठल्या गाढवाने काढलंय रे हे?" बुटक्या तापला होता. "चौथ्या मजल्यावर पाइप तुळईला चिकटवून ठेवलाय. पाना फिरवायला जागा कुठाय? दाताने आवळू का?"

वरच्याने आपला कागद पुढे ओढला. कागदावर ती रेष तुळईला लागून इतकी देखणी दिसत होती, की तिथे पान्याचा दांडा फिरायला हवा हे तो विसरला. तो! ज्याने हीच चूक करणाऱ्यांचा उद्धार करण्यात उभी जवानी घालवली.

"मी काढलंय," तो म्हणाला.

बुटक्या एकदम हळू आवाजात म्हणाला, "अस्सं. बरं बरं, साहेब. बघतो काय ते."

आणि फोन ठेवला.

साहेब! चार सणसणीत शिव्या हासडल्या असत्या तर वरचा सुखाने जेवला असता. त्या दिवशी डबा तसाच घरी परत गेला. बायकोने विचारलं, तर म्हणाला, "काही नाही, डोकं दुखतंय."

दुसऱ्या दिवशी तो साइटवर गेला. तुळईखाली एकाला पाना फिरवायला लावून त्याने माप घेतलं, रेष वीतभर सरकवली, नवा कागद दिला. चौथ्या मजल्यावरचे, पाइप छताला टांगणारे सगळे हँगर उतरवून पुन्हा चढवायला गड्यांना दोन दिवस लागले. कोणी एक शिवीही दिली नाही. चहा दिला तोही वेगळ्या कपात, बशीसकट.

पाणी सोडायच्या दिवशी बोलावणं आलं ते ऑफिसच्या नावाने, डिझाइनवाल्याने हजर राहावं म्हणून. पांढरं कोरं हेल्मेट घालून तो जिन्यापाशी पाहुण्यासारखा उभा राहिला. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून कागदाची गुंडाळी घट्ट धरली.

बुटक्या खालून येत होता. याला बघून थांबला.

"इथे काय करतोयस खांबासारखा?"

"मी आपला... वर काही माझा हात जात नाही."

"वर कोण बोलावतंय तुला? वर मी जातोय. तू व्हॉल्व्हपाशी जा."

"तू? तुला शिडी पुरेल का?"

"दोन पायऱ्या जास्त चढेन. तुझ्या बापाचं काय जातं? आणि परत तुळईला पाइप चिकटवलास ना, तर तुलाच बांधून ठेवीन तिथे, गाढवा!"

वरच्याच्या छातीवरचा धोंडाच उतरला. तो जवळजवळ धावतच तळघरात गेला. व्हॉल्व्हचं चाक कमरेच्या उंचीवर होतं. डाव्या हाताचा जोर लावून त्याने ते सावकाश फिरवलं आणि ओरडला, "सोडलं!"

हाक वर गेली. त्याने शेजारच्या उभ्या पाइपावर तळहात टेकवला. पाइप घरघरला आणि गार पडला. मग काहीच नाही. तो थांबला. वर असताना हा वेळ त्याला चिमूटभर वाटायचा. इथे अंधारात एकट्याने उभं राहून वाट बघायची, हे बुटक्याने बावीस वर्षं केलं होतं आणि एका शब्दाने बोलला नव्हता. पाइपावरचा तळहात त्याने उचलला नाही.

आणि मग वरून, कितीतरी लांबून, आलं ते. "आलंऽऽ!" बुटक्याचा आवाज एरवी चिरका. पण आज तो हुबेहूब वरच्यासारखा ओरडला होता, शेवट तसाच लांबवून, रस्त्यावरच्यांनी मान वर करावी असा.

वरचा व्हॉल्व्हपाशीच खाली बसला आणि दुखरा खांदा हाताने धरून रडला.