न बोलणारा कॉम्प्युटर

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीत मेथी निवडत बसले होते. फोन सुनंदाचा, माझ्या भावजयीचा. "वन्सं, या," एवढंच म्हणाली. मी तशीच चपला घालून स्टँड गाठलं. इंदापूरच्या गाडीत बसल्यावर लक्षात आलं की घराला कुलूपच लावलेलं नाही. आज पाच आठवडे झाले. भेटेल तो म्हणतो, सुटला बिचारा. सुटला म्हणे! तो सुटला असेल हो, मी कुठं सुटले?

विलास माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. इंदापूरला स्टँडमागं त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. हायवेची धूळ आणि साखर कारखान्याचं गळीत सुरू झालं की चिमणीची काजळी, त्यामुळं त्याचं निम्मं आयुष्य कॉम्प्युटरचे पंखे साफ करण्यात गेलं. स्वभावानं गप्प. मी शाळामास्तरीण, माझा आवाज गल्लीच्या टोकाला जायचा. मी दारात दिसले की हा म्हणायचा, "कारखान्याचा भोंगा झाला, चला, उठा."

मग त्याच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. आवाज तसाही खरवडल्यासारखा, कुजबुजीएवढाच उरला होता. त्यानं ठरवलं, आहे तेवढा सुनंदासाठी भरून ठेवायचा. भाषण नव्हे. "जेवलीस का", "दार लाव, आलोच", "चा टाक", आणि तिचं नाव, रागानं आणि लाडानं. रोज कानावर पडणारा आवाज आधी कोण जपून ठेवतं? "मी गप झालो की हिला घर खायला उठंल, आक्का," म्हणाला. मी म्हटलं, अरे मग मोबाईलवर घे की! तो हसला. "घिऊन बघितलं. फोन माझा आवाज कचरा समजून गाळतोय." खरंच, त्या रेकॉर्डिंगमध्ये मध्येमध्ये नुसती शांतता होती...

मग त्यानं चांगला माईक आणला, तर त्यात कॉम्प्युटरचा पंखा त्याच्यापेक्षा मोठ्यानं बोलायचा. म्हणून बिनपंख्याचा कॉम्प्युटर बांधायचा. एमआयडीसीतल्या भंगारातून पोळपाटाएवढा, पात्यापात्यांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा आणला. कॉम्प्युटरच्या मेंदूची उष्णता त्या पात्यांपर्यंत न्यायला तांब्याच्या नळ्या वाकवून बसवल्या. लाईट गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवणारा यूपीएस गुणगुणतो म्हणून तोही काढून ठेवला. पहिल्यांदा तापून सगळं बंद पडलं. मग त्यानं खोकं उभं केलं, खाली दोन विटा दिल्या. "उष्णतेला वाट दिली की ती आपली आपण वर जाती, तिला हाकलायला पंखा कशाला?" दिवस मात्र भराभर संपत होते आणि मी जीव मुठीत धरून कॅलेंडर बघत होते. सगळं जमलं तेव्हा पुण्याला निघायची सकाळच तेवढी हातात उरली होती.

एप्रिलची काहिली. छताचा पंखासुद्धा बंद ठेवून तो तासभर खोलीत बसला. बाहेर आला तेव्हा शर्ट पिळून काढावा असा भिजलेला, पण चेहरा उजळलेला. "झालं," म्हणाला आणि आंघोळीला गेला. आत रेकॉर्डिंग साठवणं चालू होतं, ते मला काय माहीत! मी पुण्याला न्यायच्या पिशव्या उचलायला खोलीत गेले. कॉम्प्युटरचा पडदा काळा, दिवा नाही, आवाज नाही. आमच्याकडं विहिरीवरची मोटार चालू असली की ती "बोलते". आई शेतातून ओरडायची, मोटार बोलतीय का बघ गं! बोलत नाही म्हणजे बंद. आणि घरातून निघताना सगळी बटणं बंद करायची, हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं. मी बोर्डावरचं बटण दाबलं.

विलास टॉवेलनं डोकं पुसत आला. बोर्डाकडं बघितलं, खोक्यावर हात ठेवला. "आक्का... चालू हुता गं."

तेवढ्यात सुनंदा बाहेरून आली. "झालं का?" मी तोंड उघडणार, तर हाच आधी म्हणाला, "लाईट गेली गं. ऱ्हायलं." गाडी दारात उभी होती. जन्मभर बडबड केली आणि जिथं बोलायचं तिथं वाचा बसली माझी. गाडीत त्यानं खुणाच केल्या. दवाखान्यात मी रेकॉर्डिंगसाठी फोन पुढं धरला तर नको म्हणून मान हलवली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

ती अर्धवट फाईल मी बारामतीत दाखवली, पुण्यात दाखवली. उघडली नाही. पुढं आठ महिने तो पाटीवर लिहून बोलला, पण त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. मीही सुनंदाला सांगितलं नाही. रात्रंदिवस आतून किडत गेले, पण नाही सांगितलं.

गेल्या आठवड्यात इंदापूरला गेले होते. सुनंदा रंगाच्या ब्रशनं त्या पात्यांतली धूळ काढत होती. मग तिनं बटण दाबलं आणि खोक्यावर तळहात ठेवून थांबली. चालू आहे का ते तसंच कळतं, हळूहळू कोमट होतं. मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं, तिचे पाय धरायला वाकले. तिनं मला धरून उठवलं.

"मला म्हाईत हाय, वन्सं. त्या टायमाला मी गिरणीत दळण घिऊन हुते. गिरणी चालूच हुती."

"मग आजवर बोलली का नाहीस?"

"त्यांच्या आवाजातलं शेवटचं बोलणं हाय ते. लाईट गेली, म्हणाले. तेवढंच ऱ्हायलंय माज्याकडं. त्यात खोटं कशाला काडू?"

मी विचारलं, पेपरवाले विलासच्या आठवणी लिहा म्हणतायत, लिहू का? "लिवा की," ती म्हणाली. "पर लाईट गेली हुती, असंच लिवा."

तेवढंसुद्धा माझ्याच्यानं झालं नाही.