भाऊजी आणि तहानलेलं गवत

आमच्या भाऊजींना गवताशी बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ताईचं पुढे कसं होणार या काळजीनं माझा जीव अर्धा झाला होता. लग्नाला जेमतेम महिना झालेला, आणि हा माणूस गोल्फ कोर्सवर गुडघे टेकून, गाल जमिनीला लावून विचारतोय, "काय रे, आज बरं वाटतंय का?" आता त्यांची निवृत्ती तोंडावर आली आहे आणि मला त्यात काहीच वावगं वाटत नाही. गवत उत्तर देत नाही हे खरं, पण ताई तरी कुठे देते?

हा गोल्फ कोर्स अगदी समुद्राला खेटून, वाळूच्या उंचवट्यांवर आहे. झाड औषधालाही नाही. गवत आखूड, चिवट आणि बाराही महिने तपकिरीकडे झुकलेलं. चेंडू पडला की टणकन उडतो आणि मनाला येईल तिकडे पळतो. उरलंसुरलं वारा बघून घेतो. तिथल्या चहाच्या काउंटरवर मी असते. लोक लालबुंद तोंडानं आत येतात, या जागेला शिव्या देतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर होतात. ही सगळी किमया इथलं गवत सांभाळणाऱ्या भाऊजींची. त्यांचं म्हणणं एकच: "या गवताचे लाड करायचे नाहीत. तहान लागली की ते मुळं खोल नेतं. जमीन कडक राहते, चेंडू पळतो. पाणी पाजत बसलात की आळशी झालंच समजा."

त्यांची एकच इच्छा होती. देशातली मोठी स्पर्धा एकदा तरी आपल्या गवतावर व्हावी, आणि तीही आपण कामावर असताना. दरवेळी ती डोंगरापलीकडच्या बागेसारख्या कोर्सला मिळायची. यंदा मात्र निरोप आला, की परीक्षक बाई येणार, पूर्ण कोर्स खेळून बघणार, गुण देणार आणि त्यावर ठरणार.

आणि इतक्या वर्षांचा शहाणा माणूस नेमका तेव्हा बिथरला. काउंटरवर कुणीतरी सहज म्हणालं, "दिसायला जरा रूक्षच आहे हो." झालं! भाऊजींनी पंप सुरू केला. आठवडाभर पाणी. फोटोच्या आधी पोराचं तोंड घासून काढतात ना, तसं त्यांनी गवत घासून काढलं म्हणा. कोर्स हिरवागार झाला, सगळ्यांनी वाहवा केली, आणि भाऊजी नव्या शर्टात मिरवू लागले.

परीक्षक बाई उंच, उन्हानं रापलेल्या आणि कमी बोलणाऱ्या. वाराही त्या दिवशी नेमका पडलेला. त्यांनी पहिला फटका मारला. चेंडू छान गेला, 'थप' करून पडला आणि तिथेच बसला. दुसरा, तिसरा, सगळे तसेच. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या भाऊजींचा चेहरा उतरत गेला. अर्धा खेळ संपवून बाई चहाला आल्या आणि म्हणाल्या, "निगा छान आहे." न आवडलेल्या चहाला 'गरम आहे' म्हणावं, तो सूर.

भाऊजी तडक त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "बाई, हा आमचा खरा कोर्स नाही. मी पाणी घातलंय."

"का?"

"तुम्ही येणार म्हणून. हिरवं दिसावं म्हणून."

मी कपाळावर हात मारला. बाईंनी चहा संपवला, काठ्या पिशवीत भरल्या. "मग माझा आजचा खेळ रद्द. गवत वाळलं की येईन. कधी ते सांगणार नाही. आणि पुन्हा पाणी घातलेलं दिसलं, तर तशीच परत जाईन."

पुढचे दिवस भाऊजींना काढता येईनात. हिरवा रंग ठिकठिकाणी उडू लागला, खरूज झाल्यासारखे चट्टे पडले. येणारा जाणारा विचारी, "अहो, काय झालं तुमच्या गवताला?" भाऊजींचे हात शिवशिवत. जेवणावरची वासना उडाली. एकदा सकाळी सकाळी ताईनं त्यांना पंपाच्या खोलीशीच पकडलं.

"जरासं शिंपडतो गं. फक्त कडेकडेला."

"आणा ती किल्ली," ताई म्हणाली. "जन्मभर मला पोरांचे लाड करू दिले नाहीत, आणि आता गवतापुढे विरघळताय?" तिनं किल्ली घरी नेली आणि पिठाच्या डब्यात तळाशी खुपसली. त्या दिवशी मला ताईचा भारी अभिमान वाटला.

बाई पुन्हा आल्या, त्या दिवशी वारा नुसता पिसाळला होता. पहिलाच चेंडू कडक जमिनीवर उसळला, पळत सुटला, एका उंचवट्याला घासून वळला आणि वाळूच्या खोल खड्ड्यात. बाईंनी मारला, तो काठापर्यंत चढला आणि घरंगळत त्यांच्याच पायाशी. पुन्हा मारला, पुन्हा तेच. आम्हाला दिसत होती फक्त टोपी आणि उडणारी वाळू. असं एकदा नाही, दिवसभर चाललं. बाईंनी एकदा तर काठीच फेकून दिली.

भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे. "गेलं सगळं. आता कसले गुण देतायत."

"गप्प उभे राहा हो," मी खेकसले, पण एकच कप मीही तिसऱ्यांदा पुसत होते.

खेळ संपवून बाई आल्या त्या केसांत वाळू, घामाघूम. भाऊजींपाशी थांबल्या. "इतकी वाईट मी आयुष्यात खेळले नव्हते," त्या म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. "असा कस लावणारा कोर्सच हवा होता. स्पर्धा इथेच होणार. मी तसंच कळवतेय."

भाऊजी बाहेर गेले, गुडघे टेकले आणि त्या चट्टेवाल्या गवतावर हात ठेवून लहान पोरासारखे रडले. मीही रडले, सांगायला लाज कसली.

संध्याकाळी ताईनं डब्यातून पिठानं माखलेली किल्ली काढली, पदरानं पुसली आणि त्यांच्यापुढे धरली. "घ्या तुमची."

भाऊजींनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि परत तिच्याच हातात दिली.

"स्पर्धा होईपर्यंत डब्यातच राहू दे," ते म्हणाले. "माझा भरवसा नाही."