बिनतिटेचे पंख

सिंगापूरला, क्लेमेंटीत माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारी जयवंती पंख भरते. दुसऱ्या महायुद्धात विमानं चालवणाऱ्या बायका छातीवर पंखांचे बिल्ले लावायच्या, त्यांची सोनेरी धाग्यात हुबेहूब नक्कल. जगभरचे हौशी लोक मागवतात. नवरा शामकांत बोटीवर इंजिनियर, महिनोन्महिने समुद्रावर. रिकामं बसून काय करू, म्हणत ती यात शिरली.

नक्कल हुबेहूब, पण एक टाका तिचा स्वतःचा. डाव्या पंखाखाली बारीकसा काळा ठिपका. तीट.

"कितीतरी जणी परतल्याच नाहीत गं," ती म्हणायची. "नजर लागली असेल पोरींना."

मला असल्या गोष्टींचा भारी राग येतो. तिच्या तोंडावरही मी हसायचे.

तिची मुलगी किमया विमान चालवायला शिकते. पहिल्यांदा एकटीनं उडायचं ठरलं तेव्हा तिनं आईकडे बिल्ला मागितला, आणि बघून, इथल्या पोरांसारखा 'लाह' जोडत, नाक मुरडलं.

"ओरिजिनलला हा डॉट कुठेय? मिस्टेक वाटते, लाह. काढ ना, आई."

जयवंतीनं मुकाट्यानं टाका उसवला. धागा तिथेच फरशीवर पडला.

ठरल्या दिवशी दुपारी सेलेटार विमानतळाच्या बाजूचं आभाळ काळंठिक्कर झालं. किमया फोन उचलेना. तिच्याबरोबर शिकणारी प्रणिता, दर रविवारी जयवंतीकडे थालीपीठ हाणायला येणारी, तीही उचलेना. जयवंती दारातच उभी. मी तिच्या घरात नुसतीच येरझारा घालत होते. पायाला काहीतरी चिकटलं म्हणून पाहिलं, तर उसवलेला काळा धागा. टाकून द्यायला उचलला, पण हात डब्याकडे वळेना. उगीचच भीती वाटली.

फोन वाजला. किमया.

"आई, मी खालीच आहे. उडलेच नाही."

जयवंती मटकन फरशीवर बसली. रडता रडता हसली, देवाचं नाव घेतलं. फोनमधला आवाज थांबला नव्हता.

"ऐक ना, आई. मला ताप भरला, म्हणून माझा टर्न प्रणिताला दिला. लकी म्हणून बिल्लाही मीच तिला लावला. वादळाच्या आधी गेली. अजून आली नाहीये, आई."

जयवंतीचं हसू तोंडावरच राहिलं. मग ती फरशीवर हात फिरवून काहीतरी शोधू लागली.

मी मूठ उघडली. भरतकामाच्या रिंगमध्ये दुसरा बिल्ला अर्धवट भरलेला होता. तिला डोळ्यांतल्या पाण्यानं काही दिसत नव्हतं, म्हणून सुईत तो काळा धागा मीच ओवला.