मोतीबिंदू काढला आणि बांध दिसला

सांगायची माझी बिलकूल इच्छा नव्हती. पण नात मागं लागली. शहापूरच्या कॉलेजात जाते, ग्रीक लोकांच्या जुन्या नाटकांवर तिचा प्रोजेक्ट आहे. "आजोबा, त्यात डोळेवाल्यांना दिसत नाय, आंधळ्याला दिसतं. एक राजा गुन्हेगार शोधतो, आंधळा खरं सांगतो तर त्यालाच शिव्या देतो. शेवटी गुन्हेगार राजाच निघतो आणि स्वतःचेच डोळे फोडून घेतो. ते प्रतीक आहे!"

प्रतीक-बितीक मला कळत नाय, चौथीत शाळा सुटली. पण असला आंधळा आमच्या पारावर रोज बसतो. त्याचे किस्से पेंढ्यासारखे साठलेत, उडवी रचा नुसती!

*

धर्मा जन्माचा आंधळा. मागं कुणी तंबाखू मळली की म्हणतो, "काशिनाथ आला."

"कसं रे?"

"हा डावखुरा. चापटीचा आवाज उलटा येतो!"

*

शेणव्याला डोळ्यांचं शिबिर होतं. जीपमध्ये मी, मोतीबिंदूवाला काशिनाथ आणि फुकट चहासाठी धर्मा. ड्रायव्हर मोबाइलच्या मॅपवर.

धर्मा म्हणाला, "थांबव रे, पुढं पाणी हाय. वारा गार लागतोय."

"बाबा, तुमाला दिसत नाय, गप बसा!"

पुढची चाकं ओढ्यात!

"आता मॅपलाच सांग ढकलायला," धर्मा म्हणाला.

*

शिबिरात डॉक्टरीणबाई धर्माला म्हणाल्या, "बाबा, तुमच्या डोळ्यांना इलाज नाही हो."

"माझं काय अडत नाय, बाई. आधी या काशिनाथला बघा. परवा व्याह्याला रेडा समजून हाकलत होता!"

*

काशिनाथचं ऑपरेशन झालं. नवा चष्मा लावून शेतावर गेला आणि पहिली काय दिसली? माझी चोरी! आमच्या दोघांमधला दोन हातांचा बांध वीतभर उरलेला. पारावर येऊन ओरडला, "बांधचोर! माझी नजर गेली तेवढ्यात बांध कोरलास!"

शेतकऱ्याला यापेक्षा मोठी शिवी नाय. दुसऱ्या दिवशी पारावर माझ्याजवळ कुणी बसेना. एकटा धर्मा बसला. म्हणाला, "मला बांधावर न्या."

सगळा गाव मागं. धर्मा अनवाणी चालला, मग ओणवा होऊन बांधाची दोन्ही अंगं चाचपली.

"याच्या अंगाला जुनी मुळं घट्ट हायत, फावडं लागलेलंच नाय. काशिनाथ, तुझ्या अंगाला घावच घाव. तीन सालं गवत तासताना बांधच तासलास की रे!"

काशिनाथ भडकला. "आंधळ्या, तुला काय दिसतंय?"

"दिसत नाय. पण घाव सगळे डावखुऱ्याचे हायत."

काशिनाथनं चष्मा काढला, खिशात घातला आणि घरी गेला.

डोळे फोडून घे असं मी म्हणत नाय. चष्माबी लाव. फक्त पारावर ये आणि चारचौघांत 'चुकलो' म्हण, काशिनाथ.